आईचें जुनेर

गोंदिया जिल्ह्यांत आमच्या बोदलकसा गावीं १९१७ सालीं बांधलेला तलाव आहे. पौषांत त्यावरून येणारा वारा विकतच्या ब्लँकेटास जुमानीत नाहीं. आई वारल्यावर तिचीं तीन लुगडीं आम्हीं आठवण म्हणून पेटींत ठेविलीं होतीं. दोन वर्षांनीं उघडून पाहतों, तों घडीघडीवर कसर! मावशी म्हणाली, "नेसायचें वस्त्र असें कोंडून ठेवतात का रे?" तिनें विरलेला भाग काढला, धड भाग थरांवर थर पसरला आणि कडेपासून आंत धावदोरा घालीत गोधडी शिवली. कात्री लागतांना आमच्या पोटांत कालवलें, हें कबूल केलें पाहिजे. पण झिजलेलें सूत मऊ असतें, आणि थरांमध्यें अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. पहिल्याच रात्रीं मुलें तुकड्यांवर बोट ठेवून विचारूं लागलीं, "हें आजी कधीं नेसायची?" दोन वर्षें घरांत न निघालेलें आईचें नांव त्या रात्रीं उशिरापर्यंत निघत राहिलें. एका हिरव्या तुकड्याचें मात्र आम्हांस सांगतां येईना. सकाळीं मावशीला विचारूं, असें म्हणून दिवा मालविला.