दादाचा नोंदणी क्रमांक

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "मामा, आपल्या दादाला आता खरा डॉक्टर म्हणायचं का हो?" ती हसत होती. मला काही हसू आले नाही.

दादा म्हणजे माझा पुतण्या. बारावीला मार्क कमी पडले आणि एमबीबीएस हुकले. तेव्हा होमिओपॅथीचा डी.एच.एम.एस. हा डिप्लोमा होता. थोरल्या भावाला मीच गळ घातली, "पाटल्या मोडा, पण पोराला डॉक्टर करा. खेड्यात सर्टिफिकेट कोण बघतंय?" शिक्षकाने असे बोलावे का? पण बोललो खरा.

१९८९ साली त्याने ढोकीत दवाखाना थाटला. होमिओपॅथीच्या कौन्सिलकडे त्याची रीतसर नोंदणी होती, म्हणजे तो बोगस मुळीच नव्हता. पण साबुदाण्यासारख्या गोळ्या घ्यायला येतो कोण! तेरणा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसे यायची. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे फडात उभे राहायचे असायचे. "डॉक्टर, सुई मारा" एवढीच मागणी. नाही मारली तर माणूस दुसरीकडे जाणार. दादा एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली राबून सुई-सलाईन शिकला होता. कायद्याने त्याला ती परवानगी नव्हती. हे त्याला ठाऊक होते आणि मलाही.

आता जे सांगतो ते आजवर कुठे लिहिलेले नाही. १९९७ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याला ताप भरला. दादाने हिवताप समजून औषध दिले, मग आणखी एक इंजेक्शन, मग गोळ्या बदलल्या. चार दिवस झाले तरी ताप हटेना. शेवटी तोच म्हणाला, "तात्या, आता माझ्याच्यानं होत नाही. सोलापूरला चला." जीप केली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोराचे पोट दाबून पाहिले आणि विचारले, "आधी काय काय औषधं दिली? कुणी दिली?"

दादा दाराबाहेर उभा होता. मी म्हणालो, "मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. नावं आठवत नाहीत."

तीसेक वर्षे पोरांना खोटे बोलू नका म्हणून शिकवले आणि पोटच्या पोराच्या खाटेशेजारी उभा राहून खोटे बोललो. का, तर पुतण्याचा दवाखाना बंद पडेल म्हणून. निदान विषमज्वराचे निघाले. पोरगा वाचला. पण कोणते औषध किती दिवस पोटात गेले हे त्या डॉक्टरांना कळलेच नाही, अंधारात चाचपडत उपचार झाले. दादा जिन्यात बसून रडत होता.

पुढे वर्तमानपत्रात वाचले, की आदल्याच वर्षी, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात असाच निकाल दिला होता. डी.एच.एम.एस. झालेल्या डॉक्टरने तापाच्या रोग्याला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली, रोगी दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही, तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालय म्हणाले आणि तीन लाख भरपाई द्यायला लावली. वाचून माझे हातपाय गार पडले. निकाल चूक आहे असे मात्र वाटले नाही, आजही वाटत नाही.

गंमत बघा, डिप्लोमावाला डॉक्टर ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. एल.सी.पी.एस. किंवा एल.एम.पी. झालेले डॉक्टर आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाच्या वेळी देशात सुमारे ४७ हजार नोंदलेले डॉक्टर होते, त्यातले ३० हजारांच्या आसपास असेच लायसेन्शिएट! समितीने सांगितले, यापुढे एकच पदवी हवी. काही सदस्यांचा विरोध होता, पण तो मागे पडला. एक पायरी काढून घेतली, खेड्यात तिच्या जागी कोण उभे राहणार हा प्रश्न तसाच राहिला. असो.

२०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला. नोंदणीकृत होमिओपॅथने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स, सीसीएमपी, पुरा केला तर त्याला अ‍ॅलोपॅथीची औषधे देता येतील असे ठरले. दादाने पन्नाशी उलटल्यावर तो केला. डब्यात भाकरी बांधून पहाटेची एसटी, शेजारी मुलाच्या वयाची पोरे. एकदा मला म्हणाला, "तात्या, विषमज्वराचा धडा मी तीनदा वाचला."

२०२५ साली या मंडळींची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेगळ्या नोंदवहीत करायचे निघाले, तेव्हा गदारोळ झाला. आयएमएने सप्टेंबरात संप केला, प्रकरण हायकोर्टातही गेले. एक वर्ष म्हणजे साडेपाच वर्षे नव्हेत, हे त्यांचे म्हणणे मला पटते. दादाने ऑपरेशनला हात घालू नये, चार औषधांच्या पलीकडे जाऊ नये. पण ती मर्यादा कागदावर लिहून त्याचे नाव तिच्याखाली घाला ना! नाव असेल तर पुढचा डॉक्टर त्याला फोन करून विचारू तरी शकेल.

भाचीला यातले काहीच सांगितले नाही. "तूच येऊन बघ" म्हणालो. आता दादा साध्या सर्दीलाही चिठ्ठी लिहून देतो, औषध, मात्रा, दिवस, खाली सही आणि क्रमांक.

हा लेख त्याला आधी वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसला. मग एकच दुरुस्ती सांगितली, "तात्या, चार नाही, पाच दिवस."