मामासाठी लायटर

पाईप हे सतत विझणारं यंत्र आहे. सिगारेट एकदा पेटली की शेवटपर्यंत जळत राहते, पाईपचं तसं नाही. तंबाखू घट्ट भरली तर हवा खेळत नाही, सैल भरली तर निखारा टिकत नाही. अगदी नीट भरली तरी पहिल्या ज्योतीला वरचा थर फुगून वर येतो. तो हलकेच दाबायचा आणि पुन्हा पेटवायचा. मधेच कुणाशी चार वाक्यं बोललात की परत विझला. एका पाईपमागे चार-पाच काड्या सहज जातात.

हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी साधी सिगारेटही ओढत नाही. पण गेल्या वर्षी आईनं मला काम दिलं, "दादासाठी चांगला लायटर शोध." दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, माझा मामा. वय ७६. तीसेक वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. आता रत्नागिरीजवळ, समुद्राच्या कडेला एकटा राहतो. मामी जाऊन चार वर्षं झाली. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आणि उजव्या हाताला थोडा कंप. संध्याकाळी पडवीत बसून एक पाईप ओढतो. शेजारच्या काकूंनी आईला फोनवर सांगितलं की आरामखुर्चीच्या कापडाला दोन भोकं पडलीत, आणि परवा लुंगीला तिसरं. पेटती काडी हातातून निसटते.

ताईचं म्हणणं सरळ होतं : "लायटर कसला देताय? पाईप काढून घ्या." ती काही खोटं बोलत नव्हती. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका त्यातही असतोच. मामाला हे ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यानं चारचा एक पाईप केला, आणि त्या एकावर तो अडून बसलाय. त्यामुळे माझ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. एक एकटा माणूस रोज संध्याकाळी पाच वेळा आग हातात धरणार आहे. ती त्यानं कशी धरावी?

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी जे करतो तेच मी केलं. टॅब उघडले, रिव्ह्यू वाचले, एक्सेलमध्ये कॉलम पाडले. पहिलाच कॉलम ज्योतीचा झाला.

लायटरच्या ज्योती मुख्यतः दोन प्रकारच्या. एक मऊ, पिवळी, मेणबत्तीसारखी. यात गॅस बाहेर येतो आणि बाहेरच त्याला हवा मिळते. दुसरी जेट किंवा टॉर्च. हिच्यात गॅस आणि हवा आधीच मिसळून जोरात बाहेर फेकली जाते, त्यामुळे ज्योत निळी, टोकदार आणि वाऱ्याला न जुमानणारी. सिगार ओढणाऱ्यांना जेट आवडते. सिगारचं तोंड जाड असतं, ते ज्योतीपासून थोडं लांब धरून, फिरवत फिरवत कडेपासून आत शेकायचं असतं. बाहेर वाऱ्यात हे काम जेट झटपट करते. पाईपला मात्र ती घातक. पाईपचं भांडं बहुतेक वेळा ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचं लाकूड. जेट त्याची कड करपवते आणि तंबाखूही नुसती जाळते. पाईपला अशी ज्योत हवी, जी झुरका घेतल्यावर वाकून आत ओढली जाईल. म्हणूनच पाईपच्या लायटरमधून ज्योत तिरकी किंवा आडवी निघते, नाहीतर भांड्यावर लायटर उलटा धरून बोटं भाजून घ्यावी लागतील.

मग वारा. कोकणातल्या पडवीत संध्याकाळी मऊ ज्योत टिकणार कशी? इथं सगळे झिपोचं नाव घेतात. १९३२ साली अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावात सुरू झालेली ही कंपनी आजही आपले लायटर आयुष्यभर फुकट दुरुस्त करून देते. तिचं पाईपसाठीचं मॉडेलही आहे. त्यात वातीभोवतीच्या जाळीला बाजूनं गोल भोक असतं, ते भांड्यावर टेकवून झुरका घेतला की ज्योत आत जाते. पण यात जळतो नॅफ्था. त्याचा वास पहिल्या झुरक्यांना लागतो, अशी पाईपवाल्यांची जुनी तक्रार आहे. शिवाय वापरा किंवा नका वापरू, तो हळूहळू उडून जातो, आणि गरम हवेत लवकर उडतो. ब्युटेनला हा त्रास नाही. तो शून्याच्या जरासाच खाली उकळतो, पण टाकीत दाबाखाली द्रवरूपात बंद असतो आणि जळताना जवळपास वास येत नाही.

इथपर्यंत माझं एक्सेल छान चाललं होतं. दिवाळीत मी मामाकडे गेलो, तेव्हा पानटपरीवरचा साधा लायटर नेला होता, फक्त बघायला. त्यानं चाक फिरवलं. एकदा, दोनदा, सहा वेळा. ठिणगी उडत होती, पण चाक फिरवून झाल्यावर कळ दाबून धरायला अंगठ्यात जोरच उरत नव्हता. "इंजिन बरंय, स्टार्टर गेलाय," तो म्हणाला आणि लायटर खाली ठेवला.

नंतर कळलं की यामागे एक चांगला हेतू आहे. लहान मुलांनी लायटर पेटवून घरांना आगी लागत, म्हणून अमेरिकेनं १९९४ पासून वापरून फेकायचे लायटर पाच वर्षांखालच्या मुलांना सहज पेटवता येऊ नयेत असे बनवणं सक्तीचं केलं. त्यासाठीचा एक सोपा उपाय म्हणजे कळ कडक करणं. पण चार वर्षांच्या अंगठ्याला जे जमू नये, ते बऱ्याचदा ७६ वर्षांच्या अंगठ्यालाही जमत नाही.

म्हणून मी ज्योतीचा कॉलम मागे टाकला आणि नवा कॉलम पुढे आणला : हातातून पडला तर काय होतं? काडी पडली तर जळत राहते. झिपो पडला तरी जळत राहू शकतो, कारण झाकण बंद केल्याशिवाय तो विझत नाही. ब्युटेनचा बहुतेक लायटर मात्र दाब सुटला की विझतो. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली असतो तो डेड मॅन हँडल याच तत्त्वावर चालतो. हात सुटला की गाडी थांबते. मामाला हे एका वाक्यात कळलं.

शेवटी घेतला तो लायटर दिसायला अगदी सामान्य आहे. ज्योत मऊ आणि आडवी. अंगठ्याचं काम नाही, बाजूला एक लांब पट्टी आहे. लायटर मुठीत धरून चार बोटांनी ती दाबली की आतलं चाक फिरतं आणि गॅस सुटतो. मूठ सैल झाली की ज्योत जाते. पीझोचे, म्हणजे टक् आवाज करत विजेची ठिणगी टाकणारे, याहून हलके दाबतात. पण दमट हवेत त्यांची ठिणगी दगा देऊ शकते, आणि कोकणात पावसाळा चार महिने. त्यापेक्षा चकमक बरी. आपण जिला चकमक म्हणतो तो खरं तर दगड नसून लोह-सिरियमचा मिश्रधातू आहे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. वाऱ्यावर उपाय लायटरमध्ये सापडला नाही. आम्ही आरामखुर्ची पडवीच्या आतल्या कोपऱ्यात सरकवली.

एक गोष्ट मात्र माझ्या एक्सेलमध्ये नव्हती. या लायटरमध्ये गॅस भरावा लागतो. आधी ज्योतीचा स्क्रू सगळ्यात कमीवर आणायचा. छोट्या पेचकसानं व्हॉल्व्ह दाबून आत अडकलेली हवा सोडायची. मग लायटर उलटा धरून डबा वरून सरळ दाबायचा, आणि भरून झाल्यावर काही मिनिटं थांबायचं. यासाठी दोन स्थिर हात लागतात, आणि मामाकडे ते नाहीत. गॅसचा डबा त्याच्या कपाटात, उन्हापासून लांब ठेवलेला आहे. महिना-दीड महिन्यातून एकदा मी पुण्याहून जातो, राहतो आणि टाकी भरतो.

खुर्चीच्या नव्या कापडाला अजून भोक पडलेलं नाही. ताईचं म्हणणं बदललेलं नाही, आणि बदलावं असं मलाही वाटत नाही. ती फोनवर मामाला दर वेळी विचारते, पाईप कधी सोडणार? त्याचं उत्तर ठरलेलं असतं : "गॅस संपला की." मग ती मला फोन करते आणि विचारते, या महिन्यात जाणार आहेस का. जाऊ नको, असं ती आजवर एकदाही म्हणालेली नाही.