भिंतीवरचे हात

आमच्या गुरुदीक्षेला तीस वर्षे झाली, त्याचे निमित्त करून धाकट्या पुतण्याने आम्हांला विमानाचे तिकीट पाठविले. तो नेदरलँड्समधील आम्स्टेलफेन या गावी संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला आहे. "फादरकाका, रोम पाहिलंत, लूर्द पाहिलंत; आता जरा समुद्राखालचा देश पाहा," असे त्याने फोनवर सांगितले. २०२४ सालच्या जून महिन्यात आम्ही तेथे पोहोचलो. त्याला रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून एका गुरुवारी त्याने आम्हांला एका लहानशा सहलीत बसवून दिले. आठ प्रवाशांची गाडी, सोबत एक मार्गदर्शिका आणि एका दिवसात तीन शहरे : गौडा, डेल्फ्ट आणि हेग.

एका दिवसात तीन शहरे पाहणे म्हणजे लग्नाच्या तीन पंगतींना एकाच दुपारी हजेरी लावण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून होतो. तरीही गेलो आणि गेलो ते बरे झाले, असे आज म्हणावेसे वाटते.

मार्गदर्शिका साठीच्या पलीकडची, निवृत्त शाळाशिक्षिका. आवाज खणखणीत. गाडी आम्स्टरडॅम सोडून दक्षिणेकडे निघाली तशी तिने खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितले की, आता आपण समुद्राच्या पातळीच्या खाली आहोत. गौडाच्या आसपासची काही जमीन समुद्रसपाटीपासून सहा मीटरांहूनही अधिक खाली आहे. बाहेर हिरवीगार कुरणे, गाई आणि सरळ रेषेत आखलेले कालवे. विशेष म्हणजे कालव्यातील पाणी रस्त्यापेक्षा उंचावरून वाहत होते. आम्ही वसईकर. खाजणाला बांध घालून भातशेती करणाऱ्यांच्या वंशातले. बांध फुटला म्हणजे काय होते ते आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेले. त्यामुळे हा देश आम्हांला पहिल्या अर्ध्या तासातच ओळखीचा वाटू लागला.

गौडा हे नाव जगाला चीजमुळे माहीत आहे. स्थानिक लोक ते घशातून 'खाउदा' असे उच्चारतात. आम्हांला ते शेवटपर्यंत साधले नाही. गुरुवार असल्याने चौकात चीजचा बाजार भरला होता. पिवळीधमक चाके रचून ठेवलेली आणि सौदा ठरविताना विकणारा व घेणारा एकमेकांच्या हातावर टाळी देत होते. पूर्वीचा व्यवहार असाच होत असे. आता तो पाहुण्यांसाठी करून दाखवितात. सहप्रवासी चीज चाखण्यात गुंतले. आम्ही मात्र संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने उभ्या असलेल्या चर्चकडे वळलो.

हे चर्च १२३ मीटर लांब आहे. सबंध नेदरलँड्समध्ये याहून लांब चर्च नाही. १५५२ साली वीज पडून ते जळाले. पुन्हा बांधताना खिडक्यांना रंगीत काचा बसविण्याचे ठरले आणि १५५५ ते १५७१ या काळात डर्क व वाउटर क्राबेत या बंधूंनी व इतर कारागिरांनी ते काम केले. पहिली काच प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याची. ती उत्रेख्तच्या महागुरूंची देणगी होती. पुढे १५५७ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने अंतिम भोजनाची काच दिली. तीत तो स्वतः आणि त्याची राणी, इंग्लंडची मेरी ट्यूडर, गुडघे टेकून आहेत. १५६७ साली ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याने मंदिरशुद्धीची काच दिली. प्रभू येशू सराफांना चाबूक उगारून हाकलीत आहे, असे ते दृश्य. फिलिप राजा आणि विल्यम हा त्याचा सरदार. दोघांच्या काचा एकाच छताखाली.

यानंतर जे घडले ते शाळेच्या पुस्तकात चार ओळींत येते, पण तेथे उभे राहून ऐकताना अंगावर काटा येतो. सरदार राजाविरुद्ध उठला. १५७२ साली गौडा विल्यमच्या बाजूस गेले आणि लवकरच हे चर्च प्रॉटेस्टंट पंथीयांच्या हाती आले. वेद्या निघाल्या, पुतळे गेले, मिस्सा बंद झाली. १५८० साली फिलिपने विल्यमला जातिबहिष्कृतच नव्हे, तर वध्य ठरवून त्याच्या शिरावर बक्षीस लावले. मात्र काचा राहिल्या. शत्रुराजा, त्याची कॅथलिक राणी, महागुरू, सारे जसेच्या तसे. एवढेच नव्हे, तर १५९४ पासून १६०३ पर्यंत नव्या पंथाच्या शहरांनी उरलेल्या खिडक्यांसाठी आणखी काचा दिल्या. त्यांतील १५९६ सालच्या एकीचा विषय आहे विवेकस्वातंत्र्य! दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर या सर्व काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी नेल्या आणि युद्धानंतर परत बसविल्या.

"फोडल्या का नाहीत?" असे आम्ही मार्गदर्शिकेला विचारले. ती हसली. "आम्ही डच माणसे, फादर. काच महाग, आणि फोडली की थंडी आत येते."

तिचे उत्तर खरे असो वा विनोदाचे, आम्हांला एकाएकी नाशिकची आठवण झाली. वसईची मोहीम १७३९ साली मराठ्यांनी जिंकली, तेव्हा आमच्या चर्चमधील पोर्तुगीज घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांत गेल्या. त्यांतली एक गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर लागली आणि 'नारोशंकराची घंटा' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. भीमाशंकरालाही एक आहे. लहानपणी आम्हांला या घंटांचा राग येत असे. पुढे सेमिनरीत असताना नाशिकला गेलो आणि ती घंटा पाहिली. कोणी वितळविली नव्हती, कोणी तिच्यावरची अक्षरे घासून काढली नव्हती. राग गेला असे म्हणणार नाही. पण तिच्याखाली आम्ही बराच वेळ उभे राहिलो होतो.

गौडाहून डेल्फ्टकडे जाताना मार्गदर्शिका आमच्या शेजारच्या आसनावर येऊन बसली. आम्ही धर्मगुरू आहोत हे तिला एव्हाना कळले होते. तिची आई कॅथलिक, वडील प्रॉटेस्टंट. तिच्या लहानपणी, म्हणजे १९६०च्या सुमारास, या दोन समाजांच्या शाळा वेगळ्या, वर्तमानपत्रे वेगळी, फुटबॉलचे संघ वेगळे, इतकेच काय, रेडिओची प्रक्षेपण संस्थाही वेगळी. (त्या दोन संस्था २०१४ साली विलीन झाल्या, हे सांगताना तिला हसू आवरेना.) डच भाषेत एक म्हण आहे म्हणे : दोन धर्म एका उशीवर निजले की त्यांच्या मधोमध सैतान निजतो. "माझ्या आजीने ही म्हण आईला लग्नाच्या दिवशी ऐकविली होती," ती म्हणाली.

आणि मग तिने रूरमोंड या गावातील एका थडग्याची हकिकत सांगितली. ते गाव आमच्या वाटेवर नव्हते. दूर दक्षिणेस आहे. घोडदळातील एक प्रॉटेस्टंट कर्नल आणि एक खानदानी कॅथलिक स्त्री यांनी १८४२ साली लग्न केले. कर्नल १८८० साली वारला. त्याला दफनभूमीच्या प्रॉटेस्टंट भागात पुरले. आठ वर्षांनी पत्नी गेली. तिने घराण्याच्या थडग्यात जागा नाकारली होती. कॅथलिक भागात, परंतु भिंतीला अगदी लागून पतीच्या थडग्याच्या पाठीशी, तिला पुरले. दोन्ही थडग्यांवर उंच दगडी स्तंभ उभारले आणि स्तंभांतून एकेक दगडी हात काढला. ते दोन हात भिंतीच्या वर एकमेकांत गुंफलेले आहेत.

तिने आपल्या फोनवर छायाचित्र दाखविले. आम्ही ते पाहिले आणि मान फिरवून कुरणांकडे पाहू लागलो.

वाचकहो, कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९९६ साल असेल. आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. गावात एक शिक्षक राहत. मूळचे नगर जिल्ह्यातले, प्रॉटेस्टंट पंथीय. आमच्याच गावच्या मुलीशी त्यांनी लग्न केले होते. मुले कॅथलिक, गुरुजी दर रविवारी पत्नीबरोबर येऊन शेवटच्या बाकावर बसत आणि परमप्रसादाच्या वेळी डोके खाली घालून तेथेच थांबत. ते वारले तेव्हा प्रमुख धर्मगुरू बाहेरगावी होते. त्या बाई आमच्याकडे आल्या. "फादर, ह्यांना आपल्या मसणवटीत जागा मिळेल का? पुढं माझी जागा ह्यांच्या शेजारी," एवढेच त्यांनी विचारले.

आम्ही नाही म्हणालो. आवाज न चढविता, अत्यंत सौजन्याने नाही म्हणालो. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार अशा प्रसंगी महागुरूंच्या विचाराने मार्ग निघू शकतो, हे सेमिनरीत परीक्षेला लिहून आम्ही चांगले गुण मिळविले होते. फोन करावयाचा होता, एवढेच. परंतु गावात चर्चा होईल, प्रमुख धर्मगुरू काय म्हणतील, अशा विचारांत आम्ही तो केला नाही. गुरुजींना दोन बसा बदलून जावे लागते अशा दुसऱ्या शहरातील दफनभूमीत पुरले. बाई पुढे तेरा वर्षे, जमेल तेव्हा, फुलांची पिशवी घेऊन तिकडे जात. २००९ साली त्या वारल्या. त्यांना आमच्या गावात पुरले. एकट्यांना.

डेल्फ्ट आले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. प्रिन्सेनहोफ हा वाडा मुळात संत आगाथा यांच्या नावाचा धर्मभगिनींचा मठ. विल्यम तेथे राहावयास आला आणि १० जुलै १५८४ रोजी जिन्याच्या पायथ्याशी बाल्तझार जेरार नावाच्या माणसाने त्याला गोळ्या घातल्या. भिंतीतील भोके काचेखाली जपून ठेवली आहेत. जेरार कॅथलिक होता. आपण धर्माची सेवा करीत आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. त्याला चार दिवसांनी अत्यंत क्रूर रीतीने मारले. तिकडे फिलिप राजाने त्याच्या कुटुंबाला सरदारकी बहाल केली.

गोरिंखमच्या १९ हुतात्म्यांविषयी आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. ९ जुलै १५७२ रोजी ब्रीलला बंडखोरांनी ज्यांना फाशी दिली ते धर्मगुरू व संन्यासी. १८६७ साली ते संतपदी गेले. त्यांच्या सणाच्या दिवशी आम्ही अनेकदा मिस्सा अर्पण केली आहे. धर्मगुरूंना त्रास देऊ नये, अशी विल्यमची आज्ञा होती आणि बंडखोरांच्या सरदाराने ती धुडकावली, हे मात्र आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. आणि जेरारचे नाव तर वर्गात कधी निघालेच नाही. आपल्या बाजूची प्रेते आपण मोजतो. दुसऱ्या बाजूची मोजावयास दुसऱ्याच्या गावी जावे लागते.

नव्या चर्चमध्ये विल्यमची संगमरवरी समाधी आहे. हेन्ड्रिक द कायसरने ती उभारली. पायाशी त्याचा कुत्रा निजलेला आहे. नाव नवे, पण इमारत मध्ययुगातली! आम्ही तेथे विल्यमसाठी एक प्रार्थना म्हटली. जेरारसाठीही म्हणावयास सुरुवात केली, परंतु ती पूर्ण होण्याआधी मंडळी बाहेर निघाली.

चौकाच्या कडेला एका भागाला 'पोपवाल्यांचा कोपरा' म्हणत. उघड मिस्सेला बंदी होती, तेव्हा कॅथलिक लोक तेथे एकमेकांच्या आधाराने राहत आणि घरासारख्या दिसणाऱ्या चर्चमध्ये उपासना करीत. चित्रकार फर्मीर प्रॉटेस्टंट घरचा. त्याने १६५३ साली कॅथलिक मुलीशी लग्न केले आणि पुढे तो याच कोपऱ्यात सासूच्या घरी राहिला. त्या उशीवर सैतान निजला असेल तर त्याने चित्रांना काही अपाय केलेला दिसत नाही. याच डेल्फ्टमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे एक कार्यालय होते, आणि त्या कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला. तिचे अवशेष आम्ही पाहिले आहेत. त्यांवर झाडे उगवली आहेत.

हेगविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. संसदेचा जुना वाडा दुरुस्तीसाठी परांच्यांनी झाकलेला. पोटात भूक, पायात गोळे. माउरित्सहाउस या संग्रहालयात मंडळी मोत्याच्या कुड्या घातलेल्या मुलीपुढे गर्दी करून उभी राहिली. आम्ही त्याच फर्मीरच्या 'डेल्फ्टचे दृश्य' या चित्रापुढे बसलो. पुढच्या घरांवर ढगाची सावली आहे आणि मागे नव्या चर्चचा मनोरा उन्हात आहे. ज्या मनोऱ्याखाली त्याच्या पंथाला उघडपणे प्रार्थना करता येत नव्हती, त्याच्यावर त्याने ऊन पाडले. आम्ही कलासमीक्षक नाही. त्या दिवशी आम्हांला असे दिसले, एवढेच.

परतीच्या वाटेवर मार्गदर्शिकेला विचारले, "तुमच्या आईवडिलांना कोठे पुरले?" ती म्हणाली, "एकाच ठिकाणी. तोवर काळ बदलला होता." मग आम्ही तिला गुरुजींची गोष्ट सांगितली. इंग्रजीत सांगितल्यामुळे असेल, शेवटपर्यंत सांगता आली. तिने सांत्वन केले नाही. "त्यांना मुले आहेत का?" असे विचारले.

गावी आल्यावर आम्ही त्यांच्या थोरल्या मुलाचा पत्ता मिळविला. तो पुण्याला असतो, पन्नाशीला आला आहे. जाऊन भेटलो आणि जे सांगावयाचे ते सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, आईनं तुम्हांला कधी नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणायची, धाकट्या फादरनी निदान वर विचारून पाहायला हवं होतं."

गुरुजींची कबर सापडली. नावाचा दगड शाबूत आहे. तेथल्या अस्थी अथवा निदान माती आणून बाईंच्या शेजारी ठेवण्याची परवानगी मागणारा अर्ज आम्ही महागुरूंकडे दिला आहे. तेथील दफनभूमीच्या कार्यालयाचीही संमती लागेल. त्यासाठी मुलाची सही हवी होती. ती त्याने मागच्या आठवड्यात पाठविली.