माहेरची माणसं गडाला निघतात

चैत्रात धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. शेतातल्या काळ्या मातीला भेगा पडतात, पांझरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. नेमक्या याच दिवसांत खान्देश उंबरठा ओलांडतो. शिरपूर, अमळनेर, पारोळा, धुळे, गावोगावचे जथे सप्तशृंगगडाकडे पायी निघतात. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव असतो. साडेतीन शक्तिपीठांतल्या या अर्ध्या पीठाच्या देवीला आमच्याकडे माहेरवाशीण मानतात. तिच्यापुढे माथा टेकायचा आणि लेकीची खुशालीही विचारायची, असं हे दुहेरी नातं आहे.

धुळ्याहून गड शंभराहून अधिक किलोमीटर. चालायचं ते रात्री आणि पहाटे. फारुकी राजांचा लळिंग किल्ला अंधारात मागे पडतो. मग झोडगे, मालेगाव, सौंदाणे, देवळा. ऊन चढलं की कडुनिंब गाठायचा, पाय उंच ठेवून पडायचं. तळव्यांना फोड आलेले असतात. वाटेवरच्या गावांनी मांडव घातलेले असतात. मठ्ठा, चहा, खिचडी. कुणीतरी मिठाचं कोमट पाणी परातीत आणून ठेवतं. "बठा भाऊ, पानी पी ल्या," म्हणणाऱ्या बाईला आपलं नावगाव नको असतं. घरी ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची उस्तवार केली, अशा आयाबायांचे पाय इथं परकी माणसं चेपून देतात. या वाटेवरचा मला सगळ्यात मोठा वाटणारा सोहळा हाच.

सगळ्या चालीचा अर्थ उलगडतो तो शेवटच्या दिवशी. पहाटे कळवण सोडलं की हवा बदलते. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली, पाती कापणाऱ्या बायका वाकलेल्या, ओल्या कांद्याचा उग्र वास रस्त्यावर पसरलेला. उजाडता उजाडता सातमाळा डोंगररांग समोर उभी राहते, एकामागून एक सरळ तुटलेले कडे. आम्ही सपाटीची माणसं. आमच्या शिवारात नजर क्षितिजापर्यंत धावते, तिला अडवणारं काही नसतं. इथं डोंगर नजरेला थांबवतो. डोळे क्षणात गडावर पोचतात, पायांना मात्र अख्खा दिवस लागतो. तासभर चालावं, तरी गड तिथंच. मग बोलणं आटतं, घोषणा विरळ होतात आणि प्रत्येक जण आपापल्या श्वासाबरोबर चालू लागतो.

नांदुरीला चढ सुरू होतो. गाड्या घाटरस्त्यानं वळसे घेत जातात. जुनी पायवाट थेट अंगावर येते. तापलेला दगड, वाळलेलं गवत, मध्येच पळसाची सावली. म्हातारी माणसं दर वळणाला मागे वळून बघतात, किती चढून झालं ते. वर पोचल्यावर देवळापर्यंत 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तरी इतकं चालून आलेले बहुतेक जण पायऱ्यांकडेच वळतात.

मूर्ती कड्याच्या दगडातच आहे, अठरा हातांची. वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर 2022 मध्ये उतरवला आणि तिचं मूळ रूप दिसू लागलं. मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी स्तवन करत होते, ते ती ऐकते आहे अशी कथा. दाटीवाटीत प्रत्येकाच्या वाट्याला एखादा क्षण येतो, पण मान कलवून ऐकणाऱ्या देवीला तेवढा पुरतो. रोग, कर्ज, लेकीचं लग्न, सगळं पायांनी वाटभर सांगूनच झालेलं असतं.

याच डोंगराळ मुलखातून गिरणा निघते. आपण जिच्या खोऱ्यातून चढत आलो, ती उलट दिशेनं उतरते. कळवण, मालेगावावरून पुढे भडगाव-पाचोऱ्याची शिवारं भिजवत तापीला मिळते. देवीच्या मुलखातलं पाणी दरवर्षी तिच्या माहेरी येतं. मग माहेराच्या माणसांनीही दरवर्षी जायला हवं, आणि भर चैत्रात, पायीच जायला हवं. ओंजळभर पाण्याचं मोल आणि ते पुढे करणाऱ्या अनोळखी हाताचं मोल, दोन्ही त्या वाटेवरच अंगी भिनतात. मग वर्षभर आपल्या दारी आलेल्या तहानलेल्याला कुणी नावगाव विचारत नाही.