आमच्या घड्याळाचे कवच

गतवर्षीच्या आधीच्या नाताळात आमच्या मनगटावर एक नवे घड्याळ आले. शिक्षकी पेशात आम्हांस वीस वर्षे पूर्ण झाली, त्याप्रीत्यर्थ सौभाग्यवतींनी घरखर्चातून काटकसरीने साठविलेल्या पैशांतून ते घेतले होते. अंग पोलादाचे, पट्टा पोलादी कड्यांचा आणि तबकडीभोवतीची कडा तर अशी चकचकीत की, तीत आमच्या कपाळावरील आठ्याही मोजून घ्याव्यात. इतकी नवी वस्तू आमच्या देहावर यापूर्वी कधी चढली असेल तर ती लग्नातील कोटाखेरीज दुसरी नव्हे.

आठव्या दिवशी त्या घड्याळावर पहिला ओरखडा उठला. चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता पट्ट्याचा चाप टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर घासला. ओरखडा तांदळाच्या दाण्याहून मोठा नव्हता. परंतु आम्ही तो खिडकीशी नेऊन पाहिला, दिव्याखाली पाहिला, भिंगातूनही पाहिला आणि प्रत्येक वेळी तो अधिकच लांब दिसला. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, वेळ बरोबर दाखवतंय ना?" या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि ज्या प्रश्नास उत्तर नसते तो मनुष्यास फारसा आवडत नाही, हे आमचे विद्यार्थीही जाणतात.

येथे आमच्या वडिलांच्या घड्याळाचे स्मरण होणे साहजिक आहे. ते एका औद्योगिक शाळेत सुतारकाम शिकवीत असत. त्यांचे घड्याळ एच.एम.टी.चे 'जनता', रोज सकाळी किल्ली देण्याचे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगलोरास त्या घड्याळांचा कारखाना निघाला, आणि पुढे कित्येक वर्षे नोकरदाराच्या मनगटावर, जावयाच्या मनगटावर व परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्या मनगटावर तेच घड्याळ दिसे. २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचे ठरविले. वडिलांचे घड्याळ मात्र आमच्या कपाटात अद्याप किल्ली दिली की चालू होते. त्याची काच खरी काच नव्हे, ती ॲक्रिलिक प्लॅस्टिकची. रविवारी दुपारी वडील बोटावर थोडी दातांची पेस्ट घेऊन ती काच घाशीत, म्हणजे बारीक रेघा जाऊन ती पुन्हा स्वच्छ होई. अंगावरील ओरखड्यांकडे मात्र त्यांनी कधी ढुंकूनही पाहिले नाही. ते ओरखडे रंध्याचे होते, पटाशीचे होते, आणि करवत धरण्यास शिकणाऱ्या मुलाचा हात घसरू नये म्हणून मध्ये घातलेल्या हाताचे होते. परंतु हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले नाही. आम्ही कवचाच्या शोधास लागलो.

नववीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे मोटारी धुण्याचे केंद्र आहे. तो आम्हांस म्हणाला, "सर, बाबा गाड्यांना सिरॅमिक कोटिंग करतात, तेच घड्याळालाही लावता येतं." शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तेथे गेलो. त्या गृहस्थांनी घड्याळ प्रथम स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढला, बोटभर कुपीतील द्रवाचे दोन-तीन थेंब मऊ कापडावर घेतले, ते पोलादावर आडवे-उभे फिरविले, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या कापडाने उरलेला द्रव टिपून घेतला. "रात्रभर पाणी लागू देऊ नका, सर," एवढेच त्यांनी सांगितले. पैसे काही केल्या घेतले नाहीत. कुपीवर ठळक अक्षरांत '९ एच' असे छापले होते.

हा नवाचा आकडा पाहून आम्ही हुरळून गेलो. शाळेत शिकलेली काठिण्यश्रेणी आम्हांस आठवली. मोहस नामक जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजे मऊपासून कठीणापर्यंत ओळीने लावली. त्यांत शंखजिरे पहिले, गारगोटी सातवी, नीलम व माणिक ज्या जातीचे तो कुरुंद नववा, आणि हिरा दहावा. आमच्या घड्याळास नववा क्रमांक मिळाला म्हणजे ते नीलमाच्या पंक्तीस बसले! सोमवारी शिक्षकांच्या खोलीत ही वार्ता आम्ही किंचित मोठ्याने सांगितली. आमचे विज्ञानशिक्षक सहकारी मिस्किलपणे हसले, चित्रकलेच्या पेटीतून एक पेन्सिल काढून आमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा 'एच' हा."

गोष्ट अशी की, लेप किंवा रंग किती टणक आहे हे पाहण्याची एक सोपी रीत म्हणजे पेन्सिलींची परीक्षा. चित्रकलेचे विद्यार्थी जाणतात की, मऊ काळ्या पेन्सिलीवर 'बी' व कठीण फिकट पेन्सिलीवर 'एच' असते. या पेन्सिली क्रमाने लेपावर तिरप्या दाबून ओढावयाच्या. ज्या पेन्सिलीने लेप खरवडत नाही, ती त्याची इयत्ता. तात्पर्य, '९ एच' म्हणजे नीलमाची बरोबरी नव्हे, तर सर्वांत कठीण पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा उठत नाही, एवढेच. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट व चिकणमाती. आमच्या घड्याळावर आजवर कोणी पेन्सिल उगारली नव्हती.

मग त्यांनी आणखीही समजाविले, आणि ते येथे सांगण्याजोगे आहे. घड्याळाचे पोलाद गारगोटीहून मऊ असते, आणि वाळूचे बहुतेक कण गारगोटीचेच. म्हणून बाहीवर बसलेली धूळ, खिशातील चिमूटभर वाळू, दगडी पायरीची कड, ही घड्याळाची खरी शत्रू. द्रवरूप लेपाचा थर अत्यंत पातळ. तो बोटांचे ठसे, घामाचे डाग व कापडाच्या पुसण्याने उठणाऱ्या केसासारख्या रेघा यांपासून थोडाफार बचाव करितो, आणि काही काळाने झिजून जातो. दगडाशी गाठ पडली म्हणजे तो नसल्यासारखाच. कारखान्यातच चढविलेली कवचे निराळी असतात. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा थर निर्वात पेटीत चढवितात, आणि तो खरोखरीच फार कठीण असतो. परंतु खालचे पोलाद मऊच राहिले तर जोराच्या आघाताने ते आत दबते व वरचा थर अंड्याच्या टरफलासारखा तडकतो. म्हणून काही कारखानदार वर लेप न देता पोलादाच्या पृष्ठभागातच कार्बन मुरवून त्याची कातडी टणक करितात. स्वित्झर्लंडच्या राडो कंपनीने तर १९६२ साली घड्याळाचे अंगच हत्यारांस वापरतात तसल्या कठीण धातूचे केले.

हे ज्ञान आम्हांस लाभदायक व्हावे, ते उलट घातक झाले. कवच पेन्सिलीपुरतेच आहे हे कळताच आम्ही स्वतःच घड्याळाचे कवच झालो. फळ्यावर लिहिताना डावा हात पाठीमागे. बाके हलविताना आमचा हुकूम पुढे, हात मागे. मैदानावर मुलांनी चेंडू फेकला तर तो झेलण्याऐवजी आम्ही बाजूस होऊ लागलो. मुलांस हे दिसत असेल काय, हा विचार त्या वेळी मनास शिवला नाही.

ऑगस्टातील एका दुपारी पावसाची भुरभुर चालली होती. शाळेच्या मागील काळ्या दगडांच्या कुंपणभिंतीवर शेवाळ धरले होते. सहावीतील एक मुलगा पलीकडे गेलेला चेंडू आणण्यास भिंतीवर चढला, आणि परत उतरताना त्याचे पाय सुटले. दोन्ही हातांनी भिंतीचा माथा धरून तो लोंबकळत होता. आम्ही अगदी खाली उभे. आमच्या उजव्या हातात उघडी छत्री होती. "सर, हात द्या!" तो ओरडला. आम्ही डावा हात वर नेला. दगडाचा खरबरीत कोपरा मनगटापाशी आला. आणि आम्ही हात मागे घेतला. घड्याळ कोपराकडे सरकवून पुन्हा हात द्यावा, इतकाच आमचा विचार होता. त्यास एखादाच क्षण लागला असता. मुलगा तेवढ्या क्षणात पडला.

त्याच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. बरोबर जेथे आम्ही घड्याळ बांधतो, तेथे.

इस्पितळात त्याचे वडील आले. ते रिक्षा चालवितात. त्यांनी आमचे दोन्ही हात हातांत घेतले व म्हणाले, "सर, तुम्ही जवळ होतात म्हणून निभावलं." आम्ही मान हलविली. नाही म्हणून नव्हे, होय म्हणून हलविली. या निबंधात लिहिण्यास सर्वांत कठीण असे वाक्य हेच आहे.

मुलाचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. वर्गातील मुलांनी त्यावर आपापली नावे लिहिली. एकाने चेंडूचे चित्र काढले. आम्ही रोज हजेरी घेताना ते पांढरे मनगट पाहत होतो, आणि आमच्या मनगटावर एकही नवा ओरखडा नव्हता. ती चकाकी आम्हांस सोसवेना. आम्ही घड्याळ पालथे घालून बांधू लागलो, तरी ती खुपतच होती.

प्लास्टर निघाले त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि मुलाच्या व त्याच्या आईवडिलांच्या देखत, हात का मागे घेतला ते जसेच्या तसे सांगितले. वडील बराच वेळ बाहेर उभ्या रिक्षाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, पडणारं पोर पडतंच." ते आमची भीड राखण्यासाठी तसे बोलले, हे आम्हांस कळले. आई काही न बोलता आत गेली आणि चहा घेऊन आली. कप आमच्या हाती देताना तिने आमच्याकडे पाहिले नाही. मुलाने मात्र विचारले, "मग सर, घड्याळाला ओरखडा पडला का?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. आणि त्यात टोमणा नव्हता. त्यास खरोखरीच बरे वाटले होते.

त्यानंतर आम्ही लेप पुन्हा दिला नाही. घड्याळ जपू नये, असे आमचे म्हणणे नाही. बापाच्या कष्टाच्या पैशाची वस्तू मुलाने जपलीच पाहिजे. ज्यांस जपावयाचे असेल त्यांनी किल्ल्या व नाणी यांच्यासंगे घड्याळ एका खिशात ठेवू नये, धूळ कोरडी पुसण्याऐवजी आधी ओल्या मऊ कापडाने टिपावी, मातीचे काम करताना ते काढून ठेवावे. वारंवार पॉलिश करून घेऊ नये, कारण पॉलिश ओरखडा भरून काढीत नाही. त्याच्या भोवतालचे पोलाद तेवढे झिजविते.

परंतु एक गोष्ट आमच्या सहकाऱ्यांनी अगदी शेवटी सांगितली होती आणि आम्ही ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रियर्ली याने १९१३ साली जे न गंजणारे पोलाद तयार केले, त्याचे रहस्य क्रोमियम या धातूत आहे. घड्याळाच्या पोलादात तो शेकडा सोळा ते अठरा इतका असतो. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तो पोलादावर स्वतःच एक कवच धरितो. ते इतके पातळ की, डोळ्यांस कधीही दिसावयाचे नाही. ओरखडा पडला की ते तेथे फाटते, आणि हवा लागताच तेथेच पुन्हा धरिले जाते. म्हणून ओरखडा पडलेले पोलाद गंजत नाही. त्यास झाकून ठेवावे लागत नाही. उलट त्यास हवा लागते.

गेल्या महिन्यात प्रदर्शनासाठी मुलांबरोबर लोखंडी बाके उचलताना चापापासून तिसऱ्या कडीपर्यंत एक लांब ओरखडा उठला. बाकाचे दुसरे टोक त्याच सहावीतल्या, आता सातवीत गेलेल्या मुलाच्या हाती होते. त्याने तो पाहिला व घाबरून म्हणाला, "सर, घड्याळ!"

आम्ही म्हणालो, "बाक नीट धर. तुझा हात सांभाळ."