अनुराधपूर, कँडी आणि निरोप

श्रीलंकेच्या धम्मसहलीचे शेवटचे दोन दिवस उरले, तेव्हा बसमध्ये कुणी परके राहिले नव्हते. नागपूर, नांदेड, चेंबूरची आम्ही माणसे. विमानतळावर 'जय भीम' घातला, तेवढीच ओळख.

अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष म्हणजे संघमित्रा थेरींनी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बुद्धगयेहून आणलेली फांदी. बावीसशेहून अधिक वर्षे माणसांनी ती जपली. तिथे अनवाणी जावे लागते. फरशी तापलेली, नांदेडच्या आजींचे गुडघे दुखत होते. चेंबूरच्या दोघी सफाई कामगार भगिनींनी त्यांना धरून नेले. पांढऱ्या साडीतल्या एका सिंहली बाईने आपल्या हातातली निळी कमळे आजींना दिली. दोघींची भाषा वेगळी, त्रिसरण मात्र एकच!

शेवटचा मुक्काम कँडीला. मे १९५० मध्ये बाबासाहेब इथे जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. आजींनी त्या मातीला हात लावून कपाळाला लावला. मजुरीतून साठवलेले पैसे सार्थकी लागले, म्हणाल्या.

रात्री आजींनी वही काढली. त्यांना लिहिता येत नाही. आम्हीच पत्ते, फोन लिहिले.

"माझं पुन्हा येणं व्हायचं नाही. पोरींनो, तुम्ही नांदेडला या."

दिवाळीच्या सुट्टीत जायचे, असे बसमध्येच ठरले.