परतीची बोट

सुट्टीवर गोव्यात, कारापूरला आलो की विठ्ठलापूरच्या देवळाकडे कोणीतरी हमखास विचारी, "जहाजावर अख्खं हॉस्पिटल असतं म्हणे; मग काळजी कसली?"

हॉस्पिटल होतं, हे खरं. नौदलात मी मेडिकल असिस्टंट. 'आयएनएस जलाश्व'वर ४ ऑपरेशन थिएटर, प्रयोगशाळा, दातांचा दवाखाना आणि १२ खाटांचा वॉर्ड. पण त्याच जहाजात हजाराच्या आसपास जवान मावतात. म्हणून खाटा भरण्यापेक्षा त्या रिकाम्या कशा होतील, याचाच विचार जास्त. विशाखापट्टणमच्या 'कल्याणी' रुग्णालयात कोणाला, कधी, कशाने हलवायचं, हे आधीच ठरवावं लागे.

किनाऱ्यावर फौज उतरवणाऱ्या बोटी जहाजाच्या पोटातून, वेल डेकमधून सुटतात. त्यासाठी टाक्यांत पाणी भरून जहाजाचा मागचा भाग खाली बसवतात. हेलिकॉप्टर उतरवायचं तर जहाज वाऱ्याच्या रोखाने वळवतात. तेव्हा वर टेबलावर रुग्णाचं पोट उघडलेलं असू शकतं. त्यामुळे कॅप्टनच्या बैठकीत डॉक्टर हवाच.

सरावात गळ्यात चिठ्ठ्या अडकवलेले खोटे जखमी येत. लाल चिठ्ठीवाला आधी, हिरवा शेवटी. वेल डेकची जमीन ओली, डिझेलचा धूर डोळ्यांत. तिथून अरुंद शिडीवरून माणूस नील रॉबर्टसन स्ट्रेचरमध्ये घट्ट आवळून उभाच वर खेचायचा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जाई. रक्तपेढी दूर, म्हणून खलाशांच्या रक्तगटांची यादी तयार ठेवायची. जवानांना बोट लागायची ती वेगळीच. गोळी आधीच द्यावी लागते. उलट्या सुरू झाल्या की ती पोटात ठरत नाही.

१९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीसाठी पॅरा ब्रिगेड डिचोलीच्या बाजूने आली, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्याच वेळी अंजदीव बेटावर 'त्रिशूल'वरून नौसैनिक उतरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात सापडले, हे मला नौदलात गेल्यावर नीट कळलं. ७ नौसैनिक गेले, कित्येक जखमी झाले.

पुढे उतरण्याचा नकाशा समोर आला की मी एकच विचारायचो : गोळ्या सुरू असताना जखमींसाठी किनाऱ्याला कोणती बोट थांबणार, आणि ती थांबवायचा हुकूम कोण देणार? याचं उत्तर कागदावर येईपर्यंत आमचा आराखडा अपुराच.